सोलरवाल्यानं कुठं जावं: ग्रेटर नोएडा की गांधीनगर?

घरांच्या गच्च्यांवर सोलर बसवणाऱ्या छोट्या कंत्राटदाराला कामं थांबवून तीन दिवस बाहेरगावी जाणं वर्षातून फार तर एकदा जमतं. त्यामुळे ग्रेटर नोएडाचा 'रिन्यूएबल एनर्जी इंडिया एक्स्पो' आणि गांधीनगरचं 'इंटरसोलर इंडिया' या दोन प्रदर्शनांतलं एकच निवडावं लागतं. इंटरसोलर पूर्वी गोरेगावात भरायचं, तेव्हा हा प्रश्न नव्हता. सकाळी लोकल पकडली की झालं. मग ते बंगळुरूला गेलं आणि आता गांधीनगरला भरतं.

माझं मत आधीच सांगतो: तुमचं निम्म्याहून जास्त काम सूर्यघर योजनेतलं (घरगुती सोलरला केंद्र सरकारचं अनुदान देणारी योजना) असेल, तर गांधीनगर. अनुदानासाठी डीसीआर पॅनल लागतात, म्हणजे आतला सेलसुद्धा भारतात बनलेला हवा. ३ किलोवॅटला ग्राहकाला ७८,००० रुपये मिळतात ते याच अटीवर. देशातले बरेच मोठे पॅनल उत्पादक सुरत-नवसारी पट्ट्यातले, त्यामुळे गांधीनगर त्यांचं घरचं मैदान. ज्याच्या हातात भाव आणि माल पाठवण्याचा निर्णय असतो, तो माणूस तिथं स्टॉलवर भेटण्याची शक्यता जास्त.

नोएडाचं बलस्थान वेगळं. तिथला पसारा मोठा, आणि अलीकडे 'बॅटरी शो इंडिया'ही त्याच आवारात भरवला गेला. हायब्रीड इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, कारखान्यासाठी विजेची साठवणूक, असं काही डोक्यात असेल तर एकाच फेरीत दहा जणांचे इन्व्हर्टर शेजारी शेजारी बघता येतात. नुसतं घरगुती काम करणाऱ्याला मात्र पहिल्या दिवशी दुपारीच गरगरायला लागतं.

खरी अडचण तारखांची आहे, आणि तिचा विचार फारसं कुणी करत नाही. गांधीनगरचं प्रदर्शन फेब्रुवारीत असतं. कारखानदारांना प्लांटवर ४० टक्के घसारा (प्राप्तिकरात उत्पन्नातून होणारी वजावट) हवा असतो, म्हणून ३१ मार्चच्या आत प्लांट चालू करा असा तगादा नेमका तेव्हाच लागतो. (प्लांटचा वापर १८० दिवसांपेक्षा कमी भरला तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, हे त्यांना मार्चमध्ये आठवतं.) साइटवर चार पोरं सोडून तुम्ही गांधीनगरात फिरणार, म्हणजे अर्धा वेळ फोन कानाला. नोएडाचं ऑक्टोबरच्या आसपास येतं: पाऊस संपलेला, हंगाम सुरू व्हायचा असतो, आणि बघितलेलं लगेच वापरता येतं. औद्योगिक कामं करणाऱ्यानं म्हणूनच नोएडा धरावं.

प्रवासात गांधीनगर सरळ जिंकतं. मुंबई सेंट्रलहून वंदे भारत थेट गांधीनगर कॅपिटलला जाते. नोएडासाठी दिल्लीला उतरून मेट्रोनं सेक्टर ५२, तिथून चालत सेक्टर ५१, मग ॲक्वा लाइननं नॉलेज पार्क २. दिल्लीतल्या त्या दिवसांतल्या हवेबद्दल न बोललेलं बरं.

प्रदर्शनासोबत भरणाऱ्या परिषदेचा पास? प्रदर्शनाला आधी ऑनलाइन नोंदणी केली की सहसा फुकट आत सोडतात. परिषदेला पैसे पडतात. धोरणावर बोलणारे अधिकारी आणि बँकवाले ऐकायचे असतील, सल्लागार म्हणून काम असेल, तर घ्या. कंत्राटदारानं तेच पैसे एका जास्तीच्या मुक्कामावर घालवावेत. हॉलमध्ये पॅनल उचलून बघता येतं: साडेपाचशे वॅटचं पॅनल सव्वादोन मीटर लांब, अठ्ठावीस-तीस किलोचं. जुन्या वाड्याच्या जिन्यातून ते वर कसं न्यायचं, हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं. फ्रेम ३० मिलिमीटरची की ३५ची, हेही हातानंच कळतं. कोकणात काम असेल तर स्ट्रक्चरवाल्याला (पॅनलखालचा लोखंडी सांगाडा बनवणाऱ्याला) गॅल्व्हनायझिंग, म्हणजे गंज रोखणारा जस्ताचा थर, किती मायक्रॉनचं ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

साखर कारखान्याशी संबंध असेल, इथेनॉल किंवा शेणा-मळीपासूनचा बायोगॅस हा विषय असेल, तर या दोन्हींकडे जाऊ नका. तुमची जत्रा म्हणजे 'इंडिया एनर्जी वीक'. २०२३ साली बंगळुरूत तिथूनच ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलची सुरुवात झाली. २०२४ ला ते गोव्यात बेतुलला भरलं होतं, मडगावहून रस्त्यानं जाता येण्यासारखं. ठिकाण बदलत असतं, तेवढं बघून निघा.

गांधीनगर ठरलं, तर परतताना सुरतेला उतरून एखादा कारखाना बघून या. पण फोन आठवडाभर आधी करून ठेवा. प्रदर्शन संपल्यावर दोन दिवस विक्री विभागातलं कुणी फोन उचलत नाही.