हीटसिंक बदलू की नुसती पेस्ट?

मित्राचा लॅपटॉप गेम लावला की ९५ डिग्रीच्या वर जातो, आणि तो विचारतोय अख्खा हीटसिंकच (प्रोसेसरची उष्णता ओढून फॅनकडे नेणारा धातूचा भाग) बदलू की साफ करून नवीन थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे लावतात ती) लावू.

खर्चात पेस्ट कधीही स्वस्त, एक छोटी ट्यूब दोन-तीनदा पुरते. हीटसिंक महाग, वर नेमका पार्ट नंबर जुळवायचा कारण त्याच मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्डवाल्याचा वेगळा असतो.

मेहनत म्हणाल तर जवळपास सारखीच, दोन्हीत हीटसिंक काढावाच लागतो. स्क्रूजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, काढताना उलट्या क्रमाने थोडे थोडे सैल करायचे आणि बसवताना सुलट, नाहीतर दाब एकीकडेच पडतो. फॅन आणि हीटसिंकच्या टोकाला असलेल्या पातळ धातूच्या पट्ट्यांच्या मधे बघा, धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला असतो, निम्मं दुखणं तिथंच!

टिकण्याचं बोलायचं तर पेस्ट काही वर्षांनी परत वाळणारच. हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी तांब्याची पाइप मात्र सहसा खराब होत नाही, आत थोडंसं द्रव सीलबंद असतं, पण ती वाकली किंवा चिरली की संपलं, मग कितीही भारी पेस्ट लावा.

म्हणून धूळ साचलीय, पेस्ट वाळलीय तर साफसफाईच. साफ करूनही प्रोसेसर तापलेला, फॅन जोरात, आणि पाइपचं पट्ट्यांकडचं टोक गारच, किंवा पाइप चेपलेली दिसतेय, तरच नवीन हीटसिंक घ्या.