ओबीएस स्टुडिओ: कबड्डी आणि कीर्तनाच्या एका हंगामानंतर

दिवाळीनंतरचे कबड्डीचे सामने आणि मधले हरिनाम सप्ताह, दोन्हींचं यूट्यूब लाइव्ह या हंगामात ओबीएस स्टुडिओवरून केलं. सॉफ्टवेअर मोफत आहे, वॉटरमार्क येत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. मला सगळ्यांत उपयोगी पडलं ते त्यातलं ‘स्टॅट्स’ पॅनल.

लाइव्ह अडकायला लागलं की आजूबाजूचे लगेच सांगतात, ‘बिटरेट कमी कर,’ म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा कमी कर. पण फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) गळण्याची ठिकाणं तीन आहेत आणि हे पॅनल तिन्हींचे आकडे वेगवेगळे दाखवतं. रेंडरिंग लॅग, म्हणजे दृश्य जुळवून चित्र तयार करण्यातला उशीर, वाढला तर ग्राफिक्स कार्डावर भार आहे. विंडोजवर ओबीएस ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं की बराच फरक पडतो. एन्कोडिंग लॅग, म्हणजे पाठवण्यासाठी व्हिडिओ आकुंचित करण्यातला उशीर, असेल तर प्रोसेसरला काम झेपत नाही. मग एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) याचा प्रीसेट, म्हणजे वेगाचा पर्याय, ‘सुपरफास्ट’वर आणा, किंवा एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हेंक (कार्डावरचा एन्कोडर) निवडा. तिसरा आकडा नेटवर्कचा. बिटरेट उतरवून सुधारतो तो प्रामुख्याने हाच. पहिल्या दोन दुखण्यांवर बिटरेट कमी केलात, तर चित्र धूसर होईल आणि अडकणं तसंच राहील.

नेटवर्कचा खरा कस मैदानावर लागतो. दुपारी मैदान रिकामं असताना स्पीड टेस्टमध्ये अपलोड झकास दिसतो. संध्याकाळी गर्दी जमते, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि टॉवर तोच. म्हणून मोजायचं ते गर्दी असताना, दोन-चार वेळा, आणि सगळ्यांत कमी आलेल्या आकड्याच्या ७० टक्क्यांपर्यंतच बिटरेट ठेवायचा. राउटर वापरत असाल तर लॅपटॉपला लॅन केबलच लावा. मांडवातल्या वायफायवर माझा अजिबात भरवसा नाही.

किती बिटरेट पुरेल हे समोर काय चाललंय त्यावर ठरतं. कीर्तनात कॅमेरा स्थिर, बुवा आणि टाळकरी जवळपास एकाच जागी. ७२०पीला २५०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) भरपूर झाले. कबड्डीत चढाईपटू बोनस रेषेकडे झेपावतो, सातही जण एकदम हलतात, आणि त्याच बिटरेटला चित्राचे चौकोन पडतात. तिथे मी ४५०० ठेवतो. नेट तेवढं देत नसेल तर फुल एचडीचा (१०८०पी) हट्ट सोडून ७२०पीच घ्या. मुंबईत बसून गावाचा सामना बघणाऱ्याला पकड झाली की सुटली हे कळलं पाहिजे. अडखळणाऱ्या १०८०पीमध्ये नेमका तोच क्षण जातो.

४५०० केबीपीएसला तासाला साधारण २ जीबी डेटा लागतो. म्हणजे रोज २ जीबीवाला पॅक पहिल्या एक-दोन सामन्यांतच संपला.

बाकी सेटिंग एकदा लावून विसरा: रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट कायम एकसारखा), कीफ्रेम इंटरव्हल (दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर) २ सेकंद. फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) मी २५ किंवा ५० ठेवतो, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याचा शटरही १/५० केला की मांडवातल्या ट्यूबलाइट लुकलुकत नाहीत. ॲडव्हान्स्डमध्ये नेटनुसार बिटरेट आपोआप बदलण्याची सोय आहे, ती कीर्तनाला उत्तम. कबड्डीत मी ती बंद ठेवतो, ऐन चढाईत चित्र पुसट होतं.

एक उणीव मात्र जाणवते. दोन सिमकार्डांचं नेट जोडून वापरायची सोय ओबीएसमध्ये नाही, त्यासाठी वेगळं यंत्र किंवा सेवा घ्यावी लागते. रेंज डळमळीत असलेल्या गावात अंतिम सामना असेल, तर हा खर्च आयोजकांकडून आधीच मंजूर करून घ्या आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही चालू ठेवा. नेटमुळे गळलेल्या फ्रेम त्या फाइलमध्ये शाबूत असतात.