टेलिग्राम चॅनेलवर भूगोल: नऊ महिन्यांनंतर

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. जूनपासून प्रथम वर्षासाठी टेलिग्राम चॅनेल चालवतोय. कारण गेल्या वर्षीचं आहे. वर्गाचा ग्रुप तेव्हा दुसऱ्या ॲपवर होता, सगळ्यांचे नंबर उघडे. तिघी मुलींना अनोळखी लोकांचे मेसेज यायला लागले. एकीनं घाबरून ग्रुपच सोडला आणि परीक्षा अर्जाची तारीख तिला कळलीच नाही. मला ते फार लागलं. चॅनेलवर सदस्यांची यादी फक्त ॲडमिनला दिसते, मुलं एकमेकांना दिसत नाहीत. तरी शहाद्याकडची एक मुलगी पहिल्याच दिवशी विचारून गेली, "सर, मना नंबर कोनले दिसत नही ना?"

खरा उपयोग मात्र पुढे कळला. धडगावकडचा एक विद्यार्थी दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला गुजरातेत गेला, तो होळीलाच परतला. चॅनेलवर उशिरा आलेल्यालाही पहिल्या दिवसापासूनचं सगळं दिसतं. त्यानं तापीच्या खचदरीवरचं माझं आठ मिनिटांचं ध्वनिमुद्रण तीनदा ऐकलं म्हणाला, आणि आकृती काढून दाखवली: उत्तरेला सातपुडा, मधे खचलेला पट्टा, त्यातून पश्चिमेला जाणारी तापी. मला तेवढ्यात सगळं मिळालं.

तिकडे रेंज कमी, म्हणून व्हिडिओपेक्षा आवाज पाठवतो. १:५०,००० चे स्थलदर्शक नकाशे मात्र फोटो म्हणून पाठवू नका. फोटो पाठवताना ॲप तो दाबून लहान करतं, समोच्च रेषा एकमेकींत मिसळतात. फाइल म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत चालते.

अंतर्गत गुण, आधार कार्ड यातलं काहीही मी तिथे टाकत नाही. पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच, अगदी टेलिग्रामलाही, वाचता येत नाही असं कुलूप टेलिग्रामच्या दोघांपुरत्या सिक्रेट चॅटला असतं, चॅनेलला नाही.

उणीव एक आहे आणि ती मोठी आहे. चॅनेल एकतर्फी चालतं. पहिले तीन महिने एकही शंका आली नाही. चर्चेचा ग्रुप जोडता येतो, पण तिथे लिहिणाऱ्याचं नाव दिसतं आणि मुली पुन्हा गप्प होतात. म्हणून शुक्रवारी निनावी प्रश्नमंजूषा टाकतो. जो प्रश्न जास्त चुकतो तो सोमवारी फळ्यावर घेतो. परवा समोच्च रेषांचा घेतला, तास संपल्यावरही सात जण थांबले होते.

जूनमध्ये नव्या वर्गालाही याच चॅनेलवर घेणार आहे.