मुलांची चार कार्टून, बडोद्याच्या घरातून : रंग बघा, पण हेलही ऐका

कार्टूनमध्ये कोणाला कसं दाखवलंय हे तपासायची सोपी रीत आहे. दहा मिनिटं आवाज बंद करून बघायचं: गोरं कोण, सावळं कोण, मार कोण खातंय. पुढची दहा मिनिटं मोबाइल उपडा ठेवून नुसतं ऐकायचं: सरळ भाषा कोणाच्या तोंडी आणि हेल काढायला कोणाला लावलंय. बडोद्यात ही दुसरी परीक्षा जास्त कडक घ्यावी. इथल्या मराठी घरातलं पोर आजीशी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलतं, आणि सुट्टीत पुण्याला गेलं की ‘तुमचं मराठी गुजराती वाटतं’ हे ऐकून येतं.

‘छोटा भीम’ (पोगो, २००८ पासून, हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओचं) पहिल्याच परीक्षेत अडकतं. दांडगाई करणाऱ्या पोराचं नाव कालिया. चित्रातला रंग सोडा, नावच पुरे. वर्गातल्या सावळ्या मुलाला चिडवायला आयतं मिळतं. भीमच्या मैत्रिणीच्या, चुटकीच्या गालांवर मात्र दोन गुलाबी गोल. अशा मालिकांचं सगळं गाव एकाच रंगाचं का दिसतं, याचं कारण बरंचसं कारागिरीत आहे. टूडी म्हणजे सपाट चित्रांच्या कार्टूनमध्ये पात्राचे हात, पाय, डोळे सुटे काढून जोडतात, रंगांचा तक्ता ठरलेला असतो, आणि गर्दीतली माणसं त्याच साच्यावर केस-कपडे बदलून उभी करतात. तक्त्यात फिका गव्हाळ असला की बाजार, शाळा, दरबार सगळं गव्हाळ. गडद कातडीवर तोच गुलाबी मळकट दिसतो, काळी बाह्यरेषा बुडते. म्हणून गाल, ओठ आणि रेषा यांना वेगळ्या छटा पाडाव्या लागतात. भागांची घाई असली की हेच काम पहिलं सुटतं.

‘मोटू पतलू’ (निक, २०१२, ‘लोटपोट’ या हिंदी मासिकातली जोडी) कानाला खटकतं. इन्स्पेक्टर चिंगम दाक्षिणात्य हेलात हिंदी बोलतो आणि हसू त्या हेलावर मागितलं जातं. गंमत अशी, की त्याची गरजच नाही. चिंगमने हवेत गोळी झाडली की नारळ त्याच्याच डोक्यावर पडतो. हा विनोद आवाज बंद करूनही चालतो. ‘द सिम्प्सन्स’ हे अमेरिकन कार्टून मोठ्यांचं असलं तरी तिथल्या अपू या भारतीय दुकानदाराच्या हेलावरून हाच वाद झाला, आणि त्याला आवाज देणाऱ्या हँक अझारियाने २०२० मध्ये तो आवाज सोडला. आपल्याकडे तेच मुलांच्या चॅनलवर दुपारभर चालतं आणि कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

‘मीरा, रॉयल डिटेक्टिव्ह’ (डिस्ने ज्युनियर, २०२०) यांत सरस. जालपूर नावाचं काल्पनिक राज्य, मूळ इंग्रजीत आवाज दक्षिण आशियाई वंशाच्या कलाकारांचे, आणि कातडीच्या छटा खरोखर वेगवेगळ्या. मीराचं काम आधी तपासाचं; ती भारतीय आहे हे दर वाक्यात सांगावं लागत नाही. उणीव एकच: सगळा भारत एका दरबारात कोंबलाय. बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस बाहेरून रोज बघणाऱ्या मुलाला राजवाड्याचं अप्रूप नसतंच. ते आधी विचारतं, ‘इथली माणसं घरी कुठली भाषा बोलतात?’ याचं उत्तर मालिकेत नाही. चार ते सात वर्षांच्या मुलांना उत्तम, त्यापुढे गाणी जरा जास्त होतात.

सर्वांत लहानांसाठी ‘मायटी लिटिल भीम’ (नेटफ्लिक्स, २०१९). संवाद जवळपास नाहीतच, त्यामुळे हेलाची भानगडच मिटते. पण शब्द शिकवायचं काम घरावर येतं. त्याचा पतंगांचा खास भाग २०२१ च्या जानेवारीत आला. तो उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आठवड्यात लावा, आणि मध्ये थांबवून फिरकी, मांजा, ढील हे शब्द आजीच्या मराठीत आणि शेजारच्या गुजरातीत, दोन्हीत म्हणवून घ्या.