तुडतुडा न लागणारा हापूस

कलम म्हणजे काय, हे मी अकरावीच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो. तरीही चाळीस कलमांचे सव्वीस हजार रुपये एका फिरत्या विक्रेत्याच्या हातावर मोजून ठेवले. आमच्या देवगड तालुक्यात पुन्हा असेच दोघे मोटारसायकलवरून फिरताहेत असं कळलं, म्हणून लाज गुंडाळून लिहितोय.

२०१८ चा जून. माणूस गोडबोल्या. पडवीत बसून म्हणाला, "सर, हापूसच आहे, पण जंगली आंब्याच्या खुंटावर बांधलाय. पानाचा रसच कडू. तुडतुडा तोंड लावत नाही, फवारणी बंद." तुडतुडा म्हणजे आंब्याच्या पालवीवर, मोहोरावर येणारी बारीक कीड, आणि खुंट म्हणजे ज्यावर फांदी बांधतात ते खालचं मुळाचं रोप. पिशवीतून दोन डहाळ्या काढल्या, एक काजळी धरलेली, एक लखलखीत. मग कलमाचं पान तोडून मला चावायला दिलं. जीभ आवळली. दर हंगामाला फवारण्या मारून वैतागलेल्या माणसाला पटायला एवढं पुरतं.

आबा मात्र आतूनच ओरडले, "तुडतुडो पान चावता काय? तो रस वडता." मी दुर्लक्ष केलं.

साधं कलम तेव्हा सव्वाशेच्या आसपास मिळे, हे साडेसहाशेला. पावतीवर नुसतं 'आंबा कलमे ४०'. जात नाही, परवाना क्रमांक नाही. फळरोपवाटिकांना परवाना लागतो, राज्यात १९६९ पासून तसा कायदा आहे. मी विचारलंच नाही.

खरी मेख पुढे आहे. सुरुवातीची तीन-चार वर्षं मोहोर आला तरी खुडायचा असतो, म्हणजे तेवढी वर्षं थाप झाकलेली. नव्या पालवीवर तुडतुडे दिसले, तर शेजारच्या बागेतून आले असतील अशी मीच माझी समजूत घालायचो. विक्रेत्याचा फोन केव्हाच बंद झाला होता.

२०२३ च्या जानेवारीत पहिल्यांदा मोहोर राखला. एका संध्याकाळी फांदी हलवली तर बारीक पाऊस पडावा तसा चटचट आवाज, आणि पाचरीच्या आकाराचे किडे थेट तोंडावर. खालची पानं हाताला चिकटत होती. पुढे त्या चिकट्यावर काळी बुरशी चढली, मोहोर गळाला.

मग डोकं चाललं. खुंट कुठलाही असो, वर वाढते ती हापूसची फांदी. पालवी हापूसची, मोहोर हापूसचा. आमच्याकडे वर्षानुवर्षं रायवळच्या, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याच्या, खुंटावरच हापूस बांधतात, तुडतुडा कुठे गेला? गुण बदलायचा तर संकर करावा लागतो. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ मध्ये रत्ना दिली. तिच्यात साका, म्हणजे गरात पांढरट स्पंजासारखा डाग, होत नाही, पण तिला हापूस म्हणून कोणी विकत नाही.

त्या रात्री टॉर्च घेऊन आबांच्या जुन्या हापूसखाली गेलो आणि एक पान चावून पाहिलं. तेवढंच तुरट होतं.