लेड पाइप बदलून देतो म्हणाला आणि हातभर कॉपर लावून गेला

शिकागो शहरात (सबर्ब नाही, सिटी) जुनं घर घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळींसाठी हे लिहितेय, न्यूजर्सीवाल्यांनीही वाचा, तिकडचंही पुढे आहे. आमचे साडेअकरा हजार डॉलर गेले आणि लेडचा, म्हणजे शिशाचा, पाइप अजून जिथल्या तिथे आहे. पैशांपेक्षा जास्त संताप याचा की घरात दोन वर्षांचं पोर आहे आणि ते काम "झाल्यावर" पाणी आधीपेक्षा वाईट झालं.

आधी थोडं बॅकग्राउंड, कारण बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, घर घेताना रिअल्टरही बोलत नाही. रस्त्याखालच्या मोठ्या मेनपासून आपल्या बेसमेंटपर्यंत जो पाइप येतो ती सर्व्हिस लाइन. शिकागोत ही लाइन लेडचीच असली पाहिजे असा शहराचाच नियम होता, थेट 1986 पर्यंत, म्हणजे देशभरात बंदी येईपर्यंत. त्यामुळे इथे साधारण चार लाख लेड लाइन्स आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. आणि सिटीच्या प्लॅननुसार सगळ्या बदलून व्हायला 2076 उजाडणार. हो, 2076. माझा मुलगा तेव्हा पन्नाशी पार केलेला असेल.

आमचं घर नॉर्थवेस्ट साइडचं विटांचं बंगलो, 1920 च्या दशकातलं. नोव्हेंबर 2024 मध्ये सिटीचं पत्र आलं की तुमची लाइन लेडची आहे. असं पत्र लेड लाइनवाल्या घरांना फेडरल नियमानेच पाठवायचं होतं. म्हणजे घरोघरी लोक घाबरलेले, आणि ते घाबरलेत हे बाहेरच्यांनाही माहीत. फसवणारे लोक नेमके तिथेच घुसतात.

हिवाळा सरता सरता एक जण दारात आला. चकचकीत पिवळं जॅकेट, गळ्यात आयकार्ड, हातात टॅबलेट, आयकार्डावर कंपनीचं नाव बारीक आणि "लेड रिप्लेसमेंट प्रोग्राम" मोठ्या अक्षरात. सिटीकडून आलोय असं तो एकदाही म्हणाला नाही हं, हे नंतर लक्षात आलं, "तुमच्या ब्लॉकचं चालू आहे, तुम्हाला पत्र मिळालंच असेल" एवढंच म्हणाला, बाकीचं आपण आपल्या मनाने जोडून घेतो. पाणी फुकट तपासून देतो म्हणाला. टीडीएस मीटर काढलं, 150 च्या आसपास आकडा दाखवला आणि चेहरा पाडला. मग दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या बाटलीतलं, त्यात ते दोन-दोन रॉडवालं यंत्र बुडवून बटण दाबलं, नळाचं पाणी बघता बघता गंजासारखं तपकिरी, वर गाळ तरंगतोय.

सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या. त्या मराठीत त्याच्या तोंडावरच म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या सोसायटीत आरओ विकायला यायचे ना, त्यांचा खेळ!" आणि बरोबर होतं त्यांचं. ते रॉड लोखंडाचे असतात, पाण्यात क्षार असले की करंट जातो, लोखंडच विरघळतं आणि पाणी लाल होतं. त्याच्या बाटलीतल्या पाण्यात क्षारच नसतात म्हणून ते स्वच्छ राहतं. टीडीएसचंही तेच, तो आकडा कॅल्शियम-मॅग्नेशियम वगैरेचा, पार्ट्स पर मिलियनमध्ये. लेड मोजतात पार्ट्स पर बिलियनमध्ये, म्हणजे हजार पट बारीक. पाण्यात घातक इतकं लेड असलं तरी ते मीटर हलणारही नाही. लेड फक्त लॅबमध्ये कळतं.

हे मी त्याला सांगितलं तर गडी बिलकुल ओशाळला नाही. हसला, "यू आर राइट" म्हणाला, मशीन बॅगेत टाकलं आणि म्हणाला चला, खरी गोष्ट दाखवतो. बेसमेंटमध्ये पुढच्या भिंतीपाशी जमिनीतून पाइप वर येतो, शटऑफ व्हॉल्व्हच्या खाली कांद्यासारखा फुगलेला जोड असतो, तिथे त्याने किल्लीने खरवडलं. मळकट राखाडी थर निघाला आणि आत चांदीसारखी चकाकी. मॅग्नेट लावलं, चिकटलं नाही. ही टेस्ट खरी आहे, तुम्हीही करून बघा, लेड मऊ असतं आणि मॅग्नेट धरत नाही. गॅल्व्हनाइज्ड असेल तर मॅग्नेट चिकटतं, कॉपर असेल तर खरवडल्यावर पेनीच्या रंगाचं दिसतं.

तर सगळा डाव इथे फिरतो. खोटं पकडलं गेलं की लगेच एक खरं समोर ठेवायचं. लेड होतंच ना आमच्याकडे! सिटीचं पत्र खरं, पाइप खरा, पोराची काळजी खरी, फक्त माणूस खोटा. नुसतं खोटं बोलून जाणारा परवडला.

मग भाव. शिकागोत पूर्ण लाइन बदलायला 20-30 हजार सहज लागतात, आम्ही आधी दोन ठिकाणी विचारलं होतं. हा म्हणाला निम्मे प्रोग्राममधून येतात, तुम्ही साडेअकरा द्या, निम्मे आधी झेलवर (बँक खात्यातून लगेच पैसे पाठवायची सोय), निम्मे काम झाल्यावर चेकने, आणि या महिन्याचे स्लॉट भरत आलेत. लायसन्स नंबर कार्डावर छापलेला. नवऱ्याने तो ऑनलाइन चेक केला, नंबर चालू होता, सगळं व्यवस्थित. काँट्रॅक्ट एका पानाचं, त्यात "वॉटर सर्व्हिस अपग्रेड, अ‍ॅज रिक्वायर्ड". किती फूट, कुठून कुठपर्यंत, कसला पाइप, एक अक्षर नाही. "अ‍ॅज रिक्वायर्ड" या दोन शब्दांवर आख्खे पैसे घेतले त्याने.

काम एका दिवसात उरकलं. मी ऑफिसला होते, नवरा वरच्या मजल्यावर मीटिंगांमध्ये, खाली जॅकहॅमरचा धडधडाट. संध्याकाळी बघते तर बेसमेंटमध्ये जमिनीतून नवीकोरी कॉपरची नळी वर आलेली, भोवती ताजं काँक्रीट, समोरच्या अंगणात खणून बुजवलेला चौकोन, आणि ईमेलवर फोटोंचा गठ्ठा: चर, त्यात लांबलचक कॉपर, बी-बॉक्सपाशी जोड. (बी-बॉक्स म्हणजे फुटपाथजवळ जमिनीत जे छोटं लोखंडी झाकण असतं ते, तिथून घरापर्यंतची लाइन आपली, तिथून मेनपर्यंतची सिटीची.) फोटो बघून चेक दिला.

नवऱ्याला झोपताना काय सुचलं कुणास ठाऊक, फोटो झूम करून बघत बसला. म्हणाला, "आपल्या अंगणात हिरवं गवत कधी उगवलं?" मार्च महिना, आमच्याकडे कडेला काळं पडलेलं बर्फ आणि बाकी सगळं वाळकं, झाडांना एक पान नाही. फोटोत चराच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यापर्यंत हिरवंगार आणि मागच्या झाडाला भरगच्च पानं. दुसऱ्याच कुणाच्या घरचे, दुसऱ्याच सीझनमधले फोटो. सकाळी चेक थांबवायला बँकेला फोन लावला, पण तो संध्याकाळीच आमच्याच बँकेच्या एका शाखेत कॅश झालेला.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. इथे थंडीत पाणी गोठू नये म्हणून लाइन साधारण पाच फूट खोल असते, अंगणातला खड्डा शेजाऱ्यांनी बघितलेला, जेमतेम गुडघाभर. पाणी बंद होतं तास-दीड तास, पूर्ण लाइन बदलताना ते जवळजवळ दिवसभर जातं. खणायच्या आधी 811 वर कळवावंच लागतं, मग ते येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करतात, निळी पाण्याची, पिवळी गॅसची. आमच्याकडे एक रेघ नव्हती, म्हणजे हे लोक गॅसची लाइन कुठून जाते हे न बघता खणत होते. आणि सिटीच्या बिल्डिंग डिपार्टमेंटच्या साइटवर पत्ता टाकला की त्या घराची परमिटं दिसतात, आमच्या पत्त्यावर त्या कामाचं काहीही नाही.

लायसन्स नंबर? तो खरा होता, पण दुसऱ्याच कंपनीचा. रेकॉर्डमध्ये त्या कंपनीचा जो फोन आहे तिथे कॉल केला तर एक म्हातारे गृहस्थ, वैतागलेले, म्हणाले असे फोन मला बऱ्याच जणांचे येतायत. म्हणून नंबर नुसता चालू आहे का बघून उपयोग नाही. इलिनॉयच्या पब्लिक हेल्थ डिपार्टमेंटकडे प्लंबिंग काँट्रॅक्टरचं रजिस्ट्रेशन असतं, तिथे त्या कंपनीचा जो फोन दिलाय त्यावर करा आणि विचारा की हा माणूस तुमचा आहे का. कार्डावरच्या फोनवर करून काय होणार, उचलणारा त्याचाच!

पाण्याचं ऐका. 311 ला (सिटीची हेल्पलाइन) सांगितलं की सिटी लेड टेस्टचं किट फुकट पाठवते, घरात पाणी सहा तास न वापरता ठेवून बाटल्या भरायच्या. आमची आधीची टेस्ट होती, एक आकडी पीपीबी (पार्ट्स पर बिलियन). या कामानंतरची आली 40 च्या वर. ईपीएची (फेडरल पर्यावरण संस्था) अ‍ॅक्शन लेव्हल, म्हणजे ज्याच्या वर पाणीपुरवठ्याला पावलं उचलावी लागतात तो आकडा, 15 आणि 2024 च्या नव्या नियमात 10 वर आणलेली, आणि तसं बघायला गेलं तर सुरक्षित अशी पातळी नाहीच. रिपोर्ट घेऊन एका ओळखीच्या लायसन्सवाल्या प्लंबरला बोलावलं. त्याने ताज्या काँक्रीटवर छिन्नी ठेवून चार ठोके मारले, खपली निघाली, आणि हातभर खाली पितळी कपलिंग, त्याच्या वर चकचकीत कॉपर आणि खाली तोच आमचा जुना मळकट लेड. बाजूला कापताना पडलेला लेडचा चुरा तसाच मातीत. त्याने टॉर्च मारून मला वाकून बघायला लावलं.

आकडा वाढला का, तर सिटी पाण्यात फॉस्फेट टाकते, त्याने पाइपच्या आत एक थर धरतो आणि लेड पाण्यात उतरायचं कमी होतं. लाइन हलवली, कापली, हादरे दिले की तो थर सुटतो. शिवाय कॉपर आणि लेड एकमेकांना जोडले की लेड आणखी झिजतं. म्हणून अर्धवट बदलणं हे न बदलण्यापेक्षा वाईट, आणि इलिनॉयच्या कायद्यानेही अर्धवट बदलायला आता जवळपास बंदीच आहे.

मुलाची ब्लड टेस्ट केली, सीडीसीचा (फेडरल आरोग्य संस्था) मुलांच्या रक्तातल्या लेडसाठी 3.5 चा आकडा आहे त्याच्या खाली आली, पुन्हा करायची आहे. तोवर एनएसएफ 53 मार्कवाला, लेडसाठी सर्टिफाइड फिल्टर लावलाय, आणि पिण्याला, स्वयंपाकाला फक्त तेच पाणी. आणि कृपा करून "आम्ही उकळून घेतो" म्हणू नका, उकळून जंतू मरतात, लेड जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. गरम नळाचं पाणी चहाला किंवा बाळाच्या दुधाला घेत असाल तर आजच बंद करा, गरम पाण्यात लेड जास्त उतरतं.

न्यूजर्सीवाल्यांनो, तुमच्याकडे 2031 पर्यंत सगळ्या लेड लाइन्स बदलायचा कायदा आहे, म्हणजे कामं जोरात आणि असली फसवणारी माणसंही तेवढीच जोरात. नेवार्कने 23 हजारांच्या वर लाइन्स लोकांना खर्च न लावता बदलल्या, ते खरंच कौतुकाचं, पण तिथेही 2024 मध्ये फेडरल वकिलांनी एका काँट्रॅक्टरच्या लोकांवर केस केली, आरोप असा की लेड जमिनीत तसंच ठेवलं आणि दिशाभूल करणारे फोटो दाखवून पैसे घेतले. फोटो! तिथे तर सिटीचं काम होतं. त्यामुळे चर उघडा असताना स्वतः जाऊन उभे राहा, दोन्ही टोकं बघा, आपल्या फोनने आपल्या घराचा दरवाजा फ्रेममध्ये घेऊन फोटो काढा, आणि सिटीचा इन्स्पेक्टर येऊन जाईपर्यंत माती टाकू देऊ नका. चांगला प्लंबर याला हरकत घेत नाही, आमचा तर स्वतःच म्हणाला या बघायला.

दारात येऊन विकलेल्या कामाला तीन वर्किंग डे कॅन्सल करायचा हक्क असतो, आणि इलिनॉयमध्ये हजार डॉलरच्या वरच्या होम रिपेअरला लेखी काँट्रॅक्ट आणि ग्राहक हक्कांचं पत्रक द्यावंच लागतं. आम्हाला त्यातलं पत्रक मिळालं नव्हतं, आता तक्रारीत तोच मुद्दा उपयोगी पडतोय. तक्रार राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे (सरकारी मुख्य वकील) आणि सिटीच्या कंझ्युमर प्रोटेक्शनकडे, दोन्हीकडे केलीये. झेलचे पैसे बँक देत नाही म्हणाली, क्रेडिट कार्ड असतं तर डिस्प्यूट तरी टाकता आला असता. स्मॉल क्लेम्स कोर्टाची (लहान रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) मर्यादा दहा हजार, आमचे त्याच्या वर, आणि नोटीस बजावायची कुणावर, त्या नावाची कंपनी कागदावर सापडत नाही, फोन बंद.

खऱ्या प्लंबरने पूर्ण लाइनचं कोटेशन दिलंय, 24 हजार, मेनपासून मीटरपर्यंत, टाइप के (जाड भिंतीचं) कॉपर, एक इंची, सगळं फूट-इंचात लिहून. स्वतः करून घेणाऱ्यांना सिटी परमिट फी बरीचशी माफ करते, आणि उत्पन्न कमी असेल, स्वतःच्या घरात राहत असाल तर पूर्ण फुकटचाही प्रोग्राम आहे, त्यात बसत असाल तर आधी तिथे अर्ज टाका. पिवळं जॅकेट, टॅबलेट आणि ते दोन ग्लासवालं यंत्र घेऊन कुणी तुमच्या ब्लॉकवर फिरताना दिसला तर मला मेसेज करा, अ‍ॅटर्नी जनरलच्या ऑफिसमधली बाई म्हणाली की तीन-चार घरांच्या तक्रारी एकत्र आल्या तर फाइल पुढे सरकते.