गाडीच्या सीटमधला कमरेला आधार देणारा हवेचा फुगा बदलला, त्याला आता आठ महिने

बटण दाबलं की पंप घुंऽऽ करायचा, कमरेमागे फुगवटा यायचा आणि अर्ध्या तासात सीट पुन्हा सपाट. महिनाभर मी उगाच सीट मागेपुढे करत बसलो. पंप फिरतोय म्हणजे वायरिंग ठीक, हवाच कुठेतरी निसटतेय, हे कळायला इतका वेळ लागायला नको होता.

उघडण्यापूर्वी एक सांगतो. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि जरा थांबा. मी दहा मिनिटं थांबलो, एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला तर हातही लावला नाही. कव्हर खाली प्लास्टिकच्या पट्टीने अडकवलेलं होतं, वर लोखंडी कड्या. कड्या कापल्या, फोम पुढे ओढला तर मागे दोन फुगे, एकावर एक. नळी सुटी करून तोंडाने फुंकलं, वर साबणाचं पाणी लावलं. नळी फुग्यात शिरते त्या जोडावर मोहरीएवढे बुडबुडे! गोंद लावून पाहिला, चार दिवस टिकला. मग फुगे आणि नळ्या असा अख्खा सेटच आणला.

बसवताना घाई नडली. नळी सांगाड्याच्या कडेवरून गेली, टेकलं की दाबली जायची. वरचा फुगा फुगेचना. पुन्हा सगळं उघडून नळी कडेपासून लांब वळवली आणि केबल टायने बांधली. कड्या मात्र नव्याच वापरा. जुन्या वाकवून घातल्या तिथे कव्हरला सुरकुती पडली, ती अजून आहे.

आता हवा रात्रभर राहते. पण खरा फरक पडला तो फुगवटा कमी केल्यावर. सुरुवातीला हौसेने पूर्ण फुगवायचो, तासाभरात पाठ आखडायची. आता आधी पार्श्वभाग सीटच्या कोपऱ्यात सरकवतो, मग पँटच्या पट्ट्याच्या रेषेच्या थोडं वर जेमतेम टेकेल एवढीच हवा भरतो. लांबच्या प्रवासात मध्येच थोडी कमी-जास्त करतो. उतरल्यावर गाडीला धरून उभं राहावं लागत नाही, एवढं नक्की. दुखणं मुळापासून गेलं असं मात्र नाही, आणि ते फुग्याचं कामही नव्हे.

तक्रार एकच: पंप जुनाच ठेवला. थंडीत सकाळी तो असा कुरकुरतो की शेजारी बसलेला हमखास विचारतो, “हे काय वाजतंय?”